जुन्या हिशेबातून नव्या प्रणालीत: कृषी सेवा केंद्राची माहिती हलवताना

दुकानात नवी संगणक प्रणाली घ्यायची ठरली की मालकाचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा, काउंटरवरच्या मुलांना ती शिकवणार कोण, याचा. जुन्या प्रणालीतली माहिती नव्या प्रणालीत कशी जाणार, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विक्रेत्याच्या एका वाक्यावर सोडून दिला जातो: ‘तुम्ही एक्सेल द्या, आम्ही अपलोड करून देतो.’ पश्चिम महाराष्ट्रातल्या दुकानांचे हिशेब एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेण्याचे काम मी करतो आणि माझा अनुभव असा आहे की, फाइल अपलोड व्हायला दहा मिनिटे लागतात. पण त्या फाइलमधली प्रत्येक ओळ खरी आहे असे छातीठोकपणे सांगता यावे, यासाठी दीड-दोन महिने द्यावे लागतात.

या लेखासाठी मी मुद्दाम कृषी सेवा केंद्राचे उदाहरण घेतले आहे. हंगामापर्यंत थांबलेली उधारी, कीटकनाशकांचे बॅच क्रमांक आणि मुदती, अनुदानित खतांचा वेगळा हिशेब आणि मराठीत लिहिलेली हजारो नावे, अशा सगळ्या अडचणी तिथे एकाच छताखाली सापडतात. किराणा, हार्डवेअर किंवा औषधांचे दुकान असलेल्यांना यातले आपल्या कामाचे सहज वेगळे काढता येईल.

पहिली पायरी: बदलाची तारीख

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून सगळ्यांना तीच तारीख सोयीची वाटते आणि ती सोयीची आहेही. पण तिच्या मागे-पुढे काय आहे ते पाहावे. मे महिन्याच्या मध्यापासून खरिपाची गर्दी सुरू होते, म्हणजे १ एप्रिलनंतर चुका निस्तरण्यासाठी हातात जेमतेम सहा आठवडे उरतात. तयारी मार्चअखेरीस सुरू केली तर ते सहा आठवडे तयारीतच जातात आणि बियाण्यांच्या रांगेसमोर नवशिके हात नव्या प्रणालीवर अडखळू लागतात. म्हणून कामाला जानेवारीतच हात घालावा.

दुसरी गोष्ट अशी की, १ एप्रिलच्या सुरुवातीच्या शिलका त्या दिवशी अंतिम झालेल्या नसतात. लेखापरीक्षण पुढे कित्येक महिने चालते आणि घसारा, तरतुदी, राहून गेलेली बिले अशा दुरुस्त्या मागाहून येतात. त्यामुळे सुरुवातीच्या शिलका नंतर दुरुस्त करता येतील का, करता येत असतील तर कोणाच्या परवानगीने आणि त्या दुरुस्तीची नोंद राहील का, हे विक्रेत्याला प्रणाली घेण्याआधीच विचारून घ्यावे. दुकान प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर असेल तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा ठरतो, कारण प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि ती नोंद बंद करता न येणारी प्रणालीच वापरण्याचे बंधन कंपन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून आहे.

वर्षाच्या मध्येच बदल करावा लागला तर बिलांच्या क्रमांकांकडे लक्ष द्यावे. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिल क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. नवी प्रणाली बसवली की ती बिनदिक्कत १ पासून मोजायला लागते आणि एप्रिलमध्ये दिलेला क्रमांक ऑक्टोबरात दुसऱ्या बिलावर छापला जातो. नव्या प्रणालीतल्या बिलांना वेगळे आद्याक्षर देऊन वेगळी मालिका सुरू केली की हा घोळ होत नाही.

दुसरी पायरी: माहिती कुठे कुठे आहे

‘सगळे कॉम्प्युटरमध्ये आहे’ असे मालक सांगतात, पण तसे ते कधीच नसते. बिले प्रणालीत असतात, उधारीचे वायदे दिवाणजींच्या वहीत, पुरवठादारांच्या योजना मालकांच्या मोबाइलमध्ये, गोदामातला माल हमालांच्या पाटीवर आणि अनुदानित खतांचा साठा पॉस यंत्रावर, म्हणजे त्या खतांची विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर. एका कागदावर अशी प्रत्येक जागा लिहून तिथे काय आहे आणि ते कोणाला कळते, याची नोंद करावी. मग जुन्या प्रणालीचा पूर्ण बॅकअप घेऊन तो दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबून पुढची एकही पायरी चढू नये.

काय न्यायचे हेही इथेच ठरवावे. ग्राहक, पुरवठादार, माल, न फिटलेली बिले आणि शिल्लक साठा एवढे नेले तरी दुकान चालते. दहा वर्षांची प्रत्येक पावती नेण्याचा आग्रह मालक धरतात, पण त्यासाठी लागणारा वेळ आणि त्यातून येणारी घाण पाहता मी तसा सल्ला देत नाही. चालू आणि मागच्या वर्षाची विक्री वस्तूवार, महिनावार बेरजेत नेली तरी खरेदीचा अंदाज बांधायला ती पुरते.

तिसरी पायरी: माणसांची यादी

ग्राहकांच्या यादीत सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो जायलाच हवा. एकाच गावात पाटील आडनावाचे तीन बाळासाहेब असतात, बापलेक एकच मोबाइल क्रमांक देतात आणि एकाच माणसाची ‘बाळासो’, ‘बाळासाहेब’ आणि ‘बी. एस.’ अशी तीन खाती तीन वेगवेगळ्या पोरांनी उघडलेली असतात. ही दुबार खाती एकत्र करावीत, पण ते काम संगणकावर सोपवू नये.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका दुकानात मी नाव आणि गाव जुळले की खाते एकच, असे धरून दुबार खाती एकत्र केली होती. त्यात एका शेतकऱ्याकडून ३१,४०० रुपये येणे होते आणि त्याच नावाच्या, त्याच गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्याचे १२,००० रुपये खतासाठी आगाऊ जमा होते. दोन्ही मिळून एका खात्यावर १९,४०० रुपये येणे दिसू लागले. तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज) पैशापर्यंत जुळली, कारण एकूण बेरजेत काहीच बदलले नव्हते. जूनमध्ये तो दुसरा शेतकरी आपल्या जमा पैशांचे खत उचलायला आला, तेव्हा त्याच्या नावावर उधारी निघाली आणि भर दुकानात त्याला ती ऐकून घ्यावी लागली. दिवाणजींना मी आधी विचारले असते तर त्यांनी तिथल्या तिथे सांगितले असते की, यांतले एक मळ्यात राहतात आणि एक वेशीजवळ. तेव्हापासून किमान दोन खुणा जुळल्याशिवाय, म्हणजे वडिलांचे नाव, मोबाइल, वस्ती किंवा गट क्रमांक यांपैकी दोन, आणि दिवाणजींनी यादीवर सही केल्याशिवाय मी एकही खाते एकत्र करत नाही.

याच वेळी नव्या प्रणालीत ‘जुना खाते क्रमांक’ असा एक रकाना करून घ्यावा. पुढे शंका आली तर जुन्या पानापर्यंत नेणारा दोर तोच असतो आणि तो नसेल तर वर्षभरानंतर कोणालाच काही शोधता येत नाही.

जीएसटी असलेल्या ग्राहकांचे आणि पुरवठादारांचे क्रमांक तपासणे तुलनेने सोपे आहे. क्रमांक १५ अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे असतात (महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९), पुढची दहा अक्षरे पॅनची आणि चौदावे अक्षर सर्वसाधारणपणे ‘झेड’ असते. पॅनमध्ये पाच अक्षरे, चार आकडे आणि पुन्हा एक अक्षर असा क्रम असतो, त्यामुळे शून्याच्या जागी ‘ओ’ किंवा एकच्या जागी ‘आय’ टाइप झाला असेल तर एक्सेलच्या साध्या सूत्राने तो पकडता येतो. पत्ता कोल्हापूरचा आणि क्रमांक २९ ने सुरू होणारा दिसला तर थांबून विचारावे, कारण राज्यांतर्गत कर लावायचा की आंतरराज्य, हे प्रणाली सहसा त्या दोन आकड्यांवरून ठरवते.

शेतकऱ्यांचे आधार क्रमांक काही दुकानांनी जुन्या प्रणालीत भरून ठेवलेले असतात, ते नव्या प्रणालीत नेऊ नयेत. खताच्या विक्रीला लागणारी ओळख पॉस यंत्रावर पटते. आपल्या उधारीच्या खात्याला तिची गरज नाही. ग्राहकांची यादी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकून ‘तपासा’ म्हणणेही टाळावे.

चौथी पायरी: मराठी अक्षरे

दुकान जुने असेल तर नावे श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व (म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा सांकेतांक देणारी आजची पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये असण्याचा संभव मोठा आहे. ओळखायचे कसे? एक्सेलमध्ये तो रकाना निवडून फॉन्ट एरियल करावा. मराठी अक्षरे जाऊन इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसू लागला तर मूळ माहिती मराठी नव्हतीच. इंग्रजी सांकेतांकांवर मराठी आकार चढवलेले होते. नवी प्रणाली युनिकोडवर चालते, म्हणून हा मजकूर रूपांतरित करावा लागतो.

रूपांतर करणारी साधने आहेत आणि ती बऱ्यापैकी काम करतात, पण काही जागी हमखास अडखळतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते, त्यामुळे जोडाक्षरावरची वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. रफाराचेही तसेच होते. हजारो ओळी वाचत बसण्यापेक्षा माझी रीत अशी आहे: नावाचे, वडिलांच्या नावाचे, आडनावाचे आणि गावाचे रकाने वेगळे करावेत आणि रकान्यातला प्रत्येक वेगळा शब्द एकदाच येईल अशी यादी छापावी. तीन हजार ग्राहकांची गावे शे-सव्वाशेच निघतात आणि ती यादी गावातला माणूस एका बैठकीत वाचून दुरुस्त करतो. आडनावांना थोडा जास्त वेळ लागतो, इतकेच.

यापेक्षा फसवा प्रकार म्हणजे दिसायला सारखे पण आतून वेगळे शब्द. ‘ॲग्रो’ मधला ‘ॲ’ एकाच अक्षराने लिहिता येतो, तसाच ‘अ’ वर चंद्र देऊनही लिहिता येतो. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात आणि एकाच पुरवठादाराची दोन खाती तयार होतात. ‘कऱ्हाड’ मधल्या अर्ध्या र चेही तेच. तो दोन रीतींनी साठवला जातो आणि शोध घेतला की निम्मेच ग्राहक सापडतात. त्यात कोणी ‘कराड’ लिहिलेले असतेच. एक रीत ठरवावी आणि ‘शोधा व बदला’ वापरून सगळीकडे तीच करावी. शब्दाच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागाही याच वेळी काढून टाकाव्यात.

पाचवी पायरी: एक्सेल नावाचा मधला मुक्काम

माहिती एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत जाताना बहुतेक वेळा एक्सेलमध्ये थांबते, आणि तिथे ती कोणी हात न लावता बदलते. कीटकनाशकाचा बॅच क्रमांक समजा इंग्रजीत ‘२ई०५’ असेल, तर एक्सेल त्याला घातांकी संख्या समजून दोन लाख करून ठेवते. मुदतीच्या रकान्यात इंग्रजीत ‘जून-२७’ लिहिले तर एक्सेलला २०२७ चा जून कळत नाही. ते चालू वर्षाच्या जूनची २७ तारीख धरते आणि दोन वर्षे टिकणारा माल मुदत संपलेल्यांच्या यादीत जातो. पंधरापेक्षा जास्त अंकी संख्येचे सोळाव्यापासूनचे अंक शून्य होतात आणि आधीची शून्ये गळून पडतात. हे सगळे टाळण्यासाठी फाइल दोनदा क्लिक करून उघडू नये. एक्सेलची कोरी फाइल उघडून ‘डेटा’ मधून फाइल आत घ्यावी आणि बॅच, मोबाइल, बँक खाते व जुना खाते क्रमांक हे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवावेत.

तारखांची चूक लवकर दिसत नाही. जुन्या प्रणालीने दिवस-महिना-वर्ष असे दिले आणि संगणकाची मांडणी अमेरिकी असली तर ५ जूनची ६ मे होते. पण १३ तारखेपासून पुढच्या तारखा महिना म्हणून बसत नाहीत, म्हणून त्या तशाच मजकूर म्हणून राहतात. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा उलटलेल्या आणि काही शाबूत असतात. महिनावार विक्रीची बेरीज जुन्या प्रणालीशी ताडून पाहिली की हे लगेच उघडे पडते. तारखेच्या जागी ४५७४८ असा आकडा दिसला तर घाबरू नये. एक्सेल १९०० सालापासून दिवस मोजते आणि तो आकडा म्हणजे १ एप्रिल २०२५. रकान्याचा प्रकार ‘डेट’ केला की काम होते.

ओळींची संख्या प्रत्येक टप्प्यावर मोजावी. जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत याच मर्यादेमुळे कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर अहवालात आली नव्हती. फाइल जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा, कारण साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि प्रश्नचिन्हांतून नावे परत मिळवता येत नाहीत.

सहावी पायरी: उधारी

बहुतेक विक्रेते प्रत्येक ग्राहकाची एकच शिल्लक रक्कम मागतात, कारण ती चढवायला सोपी असते. ती देऊ नये. न फिटलेले प्रत्येक बिल त्याच्या मूळ क्रमांकाने आणि मूळ तारखेने न्यावे. एकच रक्कम १ एप्रिलच्या तारखेने नेली तर तीन वर्षांपूर्वीची उधारी आणि गेल्या महिन्यातली उधारी एकाच दिवसाची दिसते. व्याज कुठून मोजायचे ते कळत नाही आणि वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत कधी संपते, हेही नजरेआड होते. शेतकरी ‘जूनचे बिल मी दिले आहे’ म्हणाला तर दाखवायला आपल्याकडे काहीच उरत नाही. पुरवठादारांच्या बाजूने तर तारखांवर कर अवलंबून असतो: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेली करवजावट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावी लागते.

यासाठी जुन्या प्रणालीतच खाती साफ करावी लागतात. ‘खात्यावर जमा’ म्हणून ठेवलेल्या पण कोणत्याही बिलाशी न जोडलेल्या रकमा आधी बिलांशी जोडाव्यात. नावे (म्हणजे येणे) आणि जमा यांची खूण कशी येते तेही पाहावे. काही प्रणाली सगळ्या रकमा धन देतात आणि बाजूच्या रकान्यात अक्षर लिहितात. तो रकाना सुटला की ज्यांचे पैसे आपल्याकडे जमा आहेत ते सगळे देणेकरी होतात. जमा शिल्लक असलेल्या पाच ग्राहकांची नावे आधीच कागदावर लिहून ठेवावीत आणि प्रत्येक चाचणीनंतर तीच पाच खाती उघडून पाहावीत.

मार्चमध्ये मोठ्या उधारीच्या शेतकऱ्यांना खातेउतारा देऊन त्यावर सही घ्यावी. ती घेताना काही ठिकाणी मतभेद निघतील, पण ते जुन्या वहीसमोर बसून मिटवलेले बरे. मुदत संपण्याआधी घेतलेली लेखी कबुली वसुलीच्या मुदतीसाठीही उपयोगी पडते.

सातवी पायरी: माल

वस्तूंच्या यादीत एककांकडे सर्वांत आधी पाहावे. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे आणि डीएपी या खताची ५० किलोची, पण जुन्या प्रणालीत दोन्हींचे एकक नुसते ‘बॅग’ असते आणि कोणीतरी त्यामागे ५० किलो भरून ठेवलेले असते. किलोत साठा मोजणाऱ्या नव्या प्रणालीत १०० गोण्यांमागे ५०० किलो युरिया हवेतून तयार होतो. औषधांत खोके आणि बाटली यांची अशीच गल्लत होते.

कराचा दर वस्तूच्या नावाला एकदाच चिकटवून ठेवू नये. तो कोणत्या तारखेपासून लागू, हे नोंदवता आले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सूक्ष्म अन्नद्रव्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी विकलेला माल परत आला तर परतीच्या नोंदीला जुनाच दर लावावा लागतो आणि ज्या प्रणालीत फक्त आजचा दर असतो ती इथे चूक करते.

साठा मात्र जुन्या प्रणालीतून नेऊच नये. ३१ मार्चला दुकान अर्धा दिवस बंद ठेवून गोदामात प्रत्यक्ष मोजणी करावी, प्रत्येक बाटलीचा बॅच आणि मुदत लेबलवरून लिहावी आणि तोच आकडा चढवावा. मुदत संपलेली कीटकनाशके विकण्यास बंदी आहे, ती तेव्हाच बाजूला काढून वेगळ्या नोंदीत ठेवावीत. अनुदानित खतांच्या बाबतीत गोदाम, नवी प्रणाली आणि पॉस यंत्र या तिन्ही ठिकाणचा साठा एकाच संध्याकाळी जुळवावा. खत कंपन्यांना अनुदान मिळते ते पॉस यंत्रावरच्या विक्रीच्या आधारे, त्यामुळे तपासणीला आलेला अधिकारी यंत्रावरचा आकडा आणि गोदामातल्या गोण्या यांची तुलना करतो. तिथली तफावत नव्या प्रणालीच्या नावावर खपत नाही.

आठवी पायरी: तालीम

खऱ्या दिवसाआधी सगळी माहिती किमान दोनदा चढवून, तपासून पुसावी. प्रत्येक तालमीनंतर ग्राहकांची संख्या, नावे बाजू आणि जमा बाजू यांच्या वेगवेगळ्या बेरजा, गावनिहाय उधारी आणि पुरवठादारांचे देणे जुन्या प्रणालीशी ताडावे. तेरीज जुळली तरी थांबू नये. वर सांगितलेल्या चुकीत ती जुळलीच होती. वीस खाती चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि दिवाणजींनी ती एकेक ओळ वाचून पाहावी.

त्यानंतर त्या माहितीवर प्रत्यक्ष काम करून पाहावे. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपली माहिती नव्या प्रणालीवर हलवली. माहिती नीट पोहोचली होती, पण त्या माहितीवर चालणारी प्रणाली पहिल्याच दिवशी कोलमडली आणि लाखो ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता आले नाही. २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. आपल्या दुकानात याची चाचणी म्हणजे दोन काउंटरवर एकाच वेळी बिले करणे, अर्धे पैसे रोख आणि अर्धे उधार घेणे, माल परत घेणे, इंटरनेट बंद करून पाहणे आणि छापलेल्या बिलावर मराठी नाव नीट उमटते का ते पाहणे. ही तालीम नेहमी काउंटरवर बसणाऱ्या माणसानेच करावी. विक्रेत्याच्या तंत्रज्ञाच्या हातून सगळे सुरळीतच चालते.

नववी पायरी: बदलाचा दिवस आणि पुढचे दोन महिने

३१ मार्चच्या रात्री जुन्या प्रणालीत नवी नोंद करण्याचा अधिकार काढून घ्यावा आणि फक्त पाहण्याचा ठेवावा. दोन्हीकडे बिले चालू ठेवली तर चार दिवसांत कोणते खरे ते कळेनासे होते. बिल एकाच ठिकाणी करावे, पण पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी रोजमेळ (दिवसाचा जमाखर्च) हातानेही मांडून नव्या प्रणालीशी जुळवावा. पहिल्या महिन्याचे जीएसटी विवरणपत्र भरण्याआधी त्यातली विक्री करसल्लागारांकडून दरनिहाय तपासून घ्यावी. विक्रीच्या मासिक विवरणपत्राची अंतिम तारीख पुढच्या महिन्याची ११ असते, म्हणून हे काम ५ तारखेपर्यंत उरकावे. चूक सापडली की ती कोणी, कधी आणि कशी दुरुस्त केली, हे एका वहीत लिहावे.

जुना संगणक मात्र भंगारात घालू नये. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, म्हणजे २०२५-२६ चा हिशेब ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत. जुन्या प्रणालीचा परवाना तोवर चालेलच असे नाही, म्हणून प्रत्येक वर्षाची खातेवही, विक्री-खरेदीची नोंदवही आणि तेरीज पीडीएफमध्ये काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि त्यातली एक प्रत दुकानाबाहेर असावी. जुना फॉन्ट त्या पीडीएफमध्ये अंतर्भूत झाला आहे ना, हे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडून आजच तपासून घ्यावे.